अनामिक गाण्यांचा सुकाळ

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात एका वक्त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की, आता संगीत शोधावे लागत नाही. संगीतच आपल्याला शोधत येते. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. सवयीने मीही वाजवल्या, आणि परतीच्या एस.टी.त बसल्यावर स्वतःचाच राग आला. 'शोधणे' या क्रियापदाला कर्ता लागतो, हे मी गेली वीस वर्षे प्रथम वर्षाच्या वर्गाला सांगत आलो आहे. जे रोज ठरल्या वेळी दाराशी येऊन पडते त्याला मराठीत शोध म्हणत नाहीत, रतीब म्हणतात. आंतरजालाने नवे संगीत शोधण्याची आपली रीत बदलली हे सगळेच म्हणतात. माझे म्हणणे थोडे वेगळे आणि कदाचित अप्रिय आहे. आंतरजालाने ती रीत आधी सुधारली आणि मग मोडली. आणि मोडली ती गाण्यावरचे कवीचे, संगीतकाराचे, साथीदाराचे नाव खरवडून काढून.

एवढे वाचून काहींना वाटेल की आता हा मास्तर रेडिओचे आणि तबकड्यांचे गोडवे गाणार. तसे नाही. ज्या आकाशवाणीच्या आठवणीने आमच्या पिढीचे डोळे ओलावतात, तिने १९४० पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला आपल्या स्टुडिओबाहेर ठेवले होते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी (हे आपलेच, मराठी) श्रोत्यांची अभिरुची उंचावण्यासाठी चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले. श्रोत्यांनी अभिरुची उंचावून न घेता रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' त्याच वर्षी सुरू झाली, आणि १९५७ मध्ये सरकारला 'विविध भारती' काढून माघार घ्यावी लागली. हा इतिहास विनोदी वाटतो, पण ज्यांच्यासाठी सिलोन नव्हते त्यांच्यासाठी तो विनोदी नव्हता. भीमगीतांची केवढी मोठी परंपरा वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी उभी केली. ती पसरली जलशांतून, वस्त्यांतल्या कार्यक्रमांतून आणि पुढे कॅसेटींतून. पूर्वीच्या दारावर द्वारपाल होता आणि त्याला जात, प्रांत, भाषा आणि 'शुद्धता' यांची चांगली ओळख होती. तेव्हा ते दार मोडले याचे मला दुःख नाही.

आंतरजालाने दिले तेही नाकारण्यात अर्थ नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये देशभर वाजले. केसांवर फुगे विकणाऱ्या बबल्याचे अहिराणी गाणे त्याआधीच कोकणातल्या हळदी-समारंभांत जाऊन पोचले होते. अहिराणी ही बोली की भाषा यावर आमच्या अभ्यासमंडळात दोन-दोन तास खल होतो. तेवढ्यात तिने यूट्यूबवर आपला बाजार मांडला. तबकड्यांच्या काळातल्या कंपन्यांनी या मुलांना कितपत दार उघडले असते, याविषयी मला शंका आहे.

दुसरे देणे मला जास्त जवळचे. मूळचे गोव्याचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले राजन पर्रीकर यांनी, आंतरजाल आपल्याकडे अजून टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत येत होते तेव्हा, एकेका रागावर सविस्तर लेख लिहून त्यांना ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडले. मत परखड, प्रसंगी उद्धट. पण कोणता तुकडा कोणी गायला, बंदिश कोणाची, हे प्रत्येक ठिकाणी लिहिलेले. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळाने मराठी गाण्यांचे शब्द आणि त्यासोबत गीतकार, संगीतकार, गायक असा तपशील जमवला. परदेशी गेलेल्या भारतीयांनी रोमन लिपीच्या आडवळणाने 'आयट्रान्स साँग बुक' उभे केले. ज्यांच्याकडे खाजगी मैफलींच्या फिती होत्या अशा संग्राहकांनी त्या यूट्यूबवर चढवल्या, आणि खाली तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, मैफल कुठल्या गावी, कोणत्या साली हे टिपून ठेवले. हे आंतरजालाचे पहिले पर्व. त्यात माणूस माणसाला सांगत होता: हे ऐक, आणि हे कोणाचे आहे तेही ऐकून ठेव.

दुसरे पर्व आले ते अ‍ॅपच्या वाटेने. २०१६ साली मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला, २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले, देशी अ‍ॅप्स होतीच. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि रील्सनी ती जागा लगोलग घेतली. या पर्वात कोणी कोणाला काही सांगत नाही. वाजत राहते.

दोन वर्षांपूर्वी मी द्वितीय वर्षाच्या मुलांना एक साधा स्वाध्याय दिला होता. आपल्याला आवडणारे कोणतेही मराठी गाणे घ्यावे आणि त्याच्या कवीविषयी दोन पाने लिहून आणावीत. कविता आवडत नाही म्हणणारी मुले गाण्याच्या मिषाने तरी कवितेकडे वळतील, एवढाच हेतू. कागद आले. बहुतेकांवर गायकाचे नाव होते, काहींवर नटाचे, आणि दोघांनी कवी म्हणून चक्क कंपनीचे नाव लिहिले होते. मी रागावणार होतो, तेवढ्यात एका मुलीने मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर गाण्याचे शीर्षक होते, गायिकेचे नाव होते, चित्रपटाचे होते, खाली कंपनीचे होते. कवीचे नव्हते. "सर, कुठून लिहिणार?" मुलीचा प्रश्न रास्त होता.

तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा थांबून राहिला. त्याने कागद दिलाच नव्हता. म्हणाला, मी निवडलेले गाणे माझ्या मामाने लिहिले आहे, पण ते सिद्ध करता येत नाही म्हणून लिहिले नाही. मामा गवंडीकाम करतो आणि गाणी रचतो. ते गाणे एका स्थानिक चॅनेलला काही हजारांना दिले. ते लाखो लोकांनी पाहिले. चित्रफितीवर चॅनेलचे बोधचिन्ह पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत कोपऱ्यात फिरत असते. निर्माता, छायाचित्रण, नृत्य, ड्रोन (होय, ड्रोनचेही) अशी नावे आहेत. शब्द कोणाचे, ते नाही.

भारतीय ध्वनिमुद्रणाच्या आरंभाकडे पाहिले तर गंमत वाटते. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला फ्रेड गैसबर्गने गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणे संपता संपता ती इंग्रजीतून स्वतःचे नाव उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे म्हणून ही सोय होती. तांत्रिक गरज खरी, पण ऐकताना ती घोषणा हक्क सांगितल्यासारखी वाटते. आपल्या परंपरेला हे नवे नव्हतेच. अभंगाच्या शेवटी तुका म्हणतो, नामा म्हणतो; एकनाथ तर आपल्या नावासोबत गुरूचेही गुंफतात. ख्यालाच्या बंदिशींत सदारंग आहे, फैयाज खाँचे 'प्रेमपिया' आहे, जगन्नाथबुवा पुरोहितांचे 'गुणीदास' आहे. वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' भेटतो. या सर्वांना माध्यमाचा भरवसा नव्हता. गाणे तोंडातोंडी जाणार, वाटेत कोणीही आपले म्हणून सांगणार, तेव्हा नाव काढायचे झाले तर ओळच मोडावी लागेल अशा ठिकाणी त्यांनी ते विणून ठेवले.

भरवसा नव्हता हे योग्यच होते. 'महल' (१९४९) मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' हे चित्रपटातल्या पात्राचे नाव छापले होते. श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रे लिहून विचारले की ही कामिनी कोण, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आले. नाव दडवणे ही आजच्या अ‍ॅपवाल्यांची कल्पना नव्हे, हे मला मान्य आहे. फरक एवढाच की तेव्हा श्रोत्याला विचारावेसे वाटले, आणि विचारायला पत्ता होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बहुधा आमच्याच क्षेत्रातले लोक घेतात. गाणे चांगले असले की झाले, नावात काय आहे? आपल्या ओव्या कोणी रचल्या? लोकगीत अनामिकच असते ना?

हा आक्षेप मला विशेष अप्रामाणिक वाटतो. ओवी अनामिक राहिली कारण ती विकली जात नव्हती; जातेही आपले, दाणेही आपले, गळाही आपला. इथे सर्व नावे जागच्या जागी आहेत. कंपनीचे, चॅनेलचे, अ‍ॅपचे नाव तर पुसता पुसले जात नाही. अनामिक व्हायचे ते फक्त लिहिणाऱ्याने. शिवाय ओव्यांचे उदाहरणही आता चालत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वाटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या जालसंग्रहावर येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. दळणाऱ्या बाईचे नाव सांभाळणे ज्या माध्यमाला जमते, त्याला गवंडीकाम करणाऱ्या कवीचे नाव जमत नाही हे कसे पटावे?

नावाचा संबंध केवळ मानाशी असता तर मी एवढे लिहिले नसते. नाव हा शोधाचा धागा आहे. मी बारावीत असताना आमच्या गावात बसस्थानकासमोर कॅसेटचे दुकान होते. 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. (हा सगळा व्यवहार बेकायदा होता हे मला नंतर कळले. तेव्हा तो समाजसेवा वाटत असे.) बाजूच्या शेवटी तीन-चार मिनिटांची फीत उरली तर दुकानदार आपल्या मनाचे एक गाणे भरून द्यायचा आणि वेष्टनातल्या कागदावर निळ्या शाईने त्याचाही तपशील लिहायचा. अशाच उरलेल्या फितीत एकदा हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले कोळीगीत आले. कागदावर लिहिले होते: गीत, शांता शेळके. त्या नावाने मी गावच्या वाचनालयात गेलो. तिथे 'चौघीजणी' होते, कवितासंग्रह होते. पुढे कळले की काही चित्रपटगीतांवरचे डॉ. वसंत अवसरे म्हणजेही शांताबाईच. टोपणनावाचासुद्धा धागा हाती लागत होता. आरती प्रभूंचेही तेच. भावगीताच्या कॅसेटवर वाचलेल्या नावावरून खानोलकरांपर्यंत गेलो, 'कोंडुरा' वाचली, 'एक शून्य बाजीराव' वाचताना काही कळले नाही म्हणून पुन्हा वाचले, आणि एका अर्थाने त्याच वाटेने एम.ए. मराठीच्या वर्गात येऊन बसलो. तीन मिनिटांच्या गाण्यातून मी एका कवीच्या घरात शिरलो, ते दारावर पाटी होती म्हणून.

आणि तो दुकानदार जबाबदार होता, शब्दशः. आवडले नाही तर "हे काय भरून दिलेत?" असे त्याला विचारता येई, आणि तो वाद घाली. अल्गोरिदमशी वाद घालता येत नाही. तो मूलतः एवढेच पाहतो की, तू ऐकतोस ते आणखी कोण ऐकतात आणि ते दुसरे काय ऐकतात. गाणे कोणत्या कवीचे, हा प्रश्न त्याला पडत नाही. ज्या तक्त्यावर तो चालतो त्यात कवीचा रकाना कित्येकदा रिकामाच असतो. रिकाम्या रकान्यावरून शिफारस कशी निघणार? म्हणून कोळीगीत ऐकणाऱ्याला आणखी चार कोळीगीते मिळतात, त्यांची रिमिक्स मिळतात, डीजेची आवृत्ती मिळते. शांताबाईंनी केलेले जपानी हायकूंचे अनुवाद मिळत नाहीत. शास्त्रीय संगीताची दैना तर विचारू नये. राग, ताल, साथीदार या गोष्टींना अ‍ॅपच्या साच्यात धड जागाच नाही. गायक, अल्बम, ट्रॅक, संपले.

पण सगळे लोकांच्या आवडीवरच चालते ना, असे म्हणणाऱ्यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा प्रयोग पाहावा. अपरिचित बँडची ४८ गाणी १४ हजारांहून अधिक लोकांपुढे ठेवली. काहींना केवळ गाणी दिसत होती. इतरांना कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तो आकडाही दिसत होता. आकडा दिसणाऱ्यांचेही आठ वेगवेगळे गट. आकडा दिसू लागताच पुढचे गाणे आणखी पुढे गेले, मागचे आणखी मागे पडले. आणि आठ गटांत पुढे गेलेली गाणी तीच नव्हती. ज्याला आपण लोकांची आवड म्हणतो त्यात आधी कोणाला धक्का मिळाला याचा वाटा एवढा मोठा असतो.

आणि तो धक्का आता विकायला ठेवला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये स्पॉटिफायने जाहीर केलेल्या योजनेत, आपले गाणे शिफारशींत जास्त यावे असे वाटणाऱ्याने त्या ऐकण्यांवर कमी मानधन घ्यायचे. नाव काय, तर 'डिस्कव्हरी मोड'. शोध! २०२४ पासून बारा महिन्यांत हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे मानधनाच्या हिशेबातच धरत नाहीत. तीस सेकंद वाजले की गाणे एकदा 'ऐकले'. पाऊण तासाचा विलंबित ख्याल आणि अडीच मिनिटांचे गाणे, दोन्हींची मोजणी एकेकच. या मोजपट्टीने मल्लिकार्जुन मन्सूर मोजायचे असतील तर मोजणाऱ्यांनी खुशाल मोजावेत. त्याला संगीताचे लोकशाहीकरण मात्र म्हणू नये.

हे सुधारणे अवघड नाही, म्हणून राग जास्त येतो. कवीचे नाव लिहायला एक ओळ लागते. स्पॉटिफायने २०१८ मध्ये श्रेयनामे दाखवायला सुरुवात केली, म्हणजे तंत्र आहे. पण ती वेगळी कळ दाबून पाहावी लागतात आणि भरणाऱ्याने ती भरलेली असावी लागतात. २०२० मध्ये हिंदीतल्या गीतकारांना 'क्रेडिट दे दो यार' असे गाणेच करून गाऱ्हाणे मांडावे लागले. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कलम ५७ मध्ये लेखकाला कर्तृत्व सांगण्याचा हक्क देतो. पण ध्वनिमुद्रणावर काय छापलेच पाहिजे याच्या कलम ५२अ मध्ये मुद्रण करणारा, स्वामित्वधारक आणि वर्ष एवढेच आहे. ज्या कवीने हक्क विकून टाकले त्याचे नाव छापण्याची सक्ती त्या कलमात नाही. बहुतेक कवींनी ते विकलेलेच असतात. निदान या कलमात एक शब्द वाढवा अशी मागणी एखाद्या साहित्य संमेलनाच्या ठरावांत यायला हरकत नव्हती. संमेलनाध्यक्ष कोण, या प्रश्नातून वेळ उरला तर येईलही.

आणि आम्ही? कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' सिद्ध केला. मराठी गाण्यांचे तपशील हौशी लोकांनी नोकऱ्या सांभाळून जमवले. यांत विद्यापीठांचे मराठी विभाग कुठे होते? सातव्या वेतन आयोगाने पगार घेणारे आम्ही, 'माध्यमांतर' आणि 'लोकप्रिय संस्कृती' या विषयांवर शोधनिबंध वाचत होतो, ज्यात एकाही लोकप्रिय गाण्याच्या कवीचे नाव नसे. माझ्या नावावर असे तीन निबंध आहेत. भीमगीतांची, अहिराणी गाण्यांची, कोकणातल्या शक्तिवाल्या-तुरेवाल्यांची कवीनिहाय सूची करणे हे काम मराठीच्या प्राध्यापकाचे नाही तर कोणाचे? त्या स्वाध्यायाची मी आता फेररचना केली आहे. मुलांनी गाणे निवडायचे, कवी शोधून काढायचा, जिवंत असेल तर गाठायचा, आणि विचारून लिहायचे. पहिल्या वर्षी ज्या मुलाने कागद दिला नव्हता, त्याच्या मामापासून सुरुवात केली.

मामा कॉलेजात आले होते. हातावर सिमेंटचे डाग, खिशात वही. त्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांनी आपले नाव घातलेले आहे, हे त्यांनी मला वही उघडून दाखवले. वामनदादांची गाणी ऐकत मोठे झाल्याने तो संस्कार होताच. "पण सर, रीलवर पहिली पंधरा सेकंदंच वाजतात. लग्नातबी धृपदच वाजवतात. शेवटच्या कडव्यापर्यंत जातंय कोण?" आता नव्या गाण्यात त्यांनी नाव धृपदातच घालून पाहिले आहे. चालीत ते नीट बसत नाही, एक मात्रा जास्त होते. आणि चॅनेलवाला म्हणतो, ते काढा. लग्नसराईच्या आधी गाणे द्यायचे आहे. मामांनी अजून काढलेले नाही.